सतराव्या वर्षीचा अल्बम कानातून का जात नाही?

आमच्या घरी पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमची जी कॅसेट होती, ती दुकानातून आणलेली नव्हती. १९८७ साली, बारावीची परीक्षा संपल्यावर, मित्राच्या मोठ्या भावाकडच्या एलपी तबकडीवरून ती उतरवून घेतली होती. कोऱ्या कॅसेटला पैसे नव्हते. घरातलीच एक साठ मिनिटांची कॅसेट वडिलांना विचारून नेली. तिच्यावर त्यांनी रेडिओवरचे अभंग टेप करून ठेवले होते. अल्बम त्रेचाळीस मिनिटांच्या आसपासचा, त्यामुळे दुसऱ्या बाजूची शेवटची सहा-सात मिनिटं पुसली गेलीच नाहीत.

हा अल्बम हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ठोक्यांनीच संपतो. शेवटचे ठोके हळूहळू विरतात. ते विरले की आमच्या कॅसेटवर ‘खट्’ असा आवाज यायचा, आणि पेटी, टाळ, पखवाज यांच्यासकट एक अभंग मधल्याच चरणापासून सुरू व्हायचा.

ती कॅसेट कधीच गेली. आता हाच अल्बम फोनवर ऐकतो, स्वच्छ, खरखरीशिवाय. तरी ठोके थांबले की क्षणभराने माझ्या कानात तो अभंग सुरू होतो. फोनमधून तेव्हा काहीच येत नसतं.

हे का होतं, तरुणपणी ऐकलेलं संगीत मनात इतकं खोल का रुततं, आणि त्यातही प्रोग्रेसिव्ह रॉकच्या जुन्या अल्बमांबद्दल माणसं पन्नाशीतही हळवी का होतात, ते इथे सोपं करून सांगायचं आहे. नेहमी मिळणारं उत्तर ‘तरुणपण आठवतं म्हणून’ असं असतं. ते खरं आहे, पण अर्धंच. या संगीताची बांधणीच अशी आहे की ते आठवणीत घर करतं.

आधी प्रॉग म्हणजे काय

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे बोलीत प्रॉग, हे साधारण १९६९ ते १९७७ या काळात बहरलेलं, मुख्यतः ब्रिटिश संगीत. पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस, किंग क्रिमसन, जेथ्रो टल, इमर्सन लेक अँड पामर ही त्यातली मोठी नावं. अमेरिकी रॉकची मुळं ब्लूजमध्ये होती. या तरुणांनी त्यात चर्चमधली स्तोत्रं, युरोपातलं शास्त्रीय संगीत, जॅझ आणि इंग्लंडची लोकगीतं आणली. येसचा कीबोर्डवादक रिक वेकमन लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकायला होता. जेनेसिस हा बँड चार्टरहाउस या जुन्या निवासी शाळेतल्या मुलांनी सुरू केला. इमर्सन लेक अँड पामरने मुसोर्गस्की या रशियन संगीतकाराची पियानोसाठीची रचना घेऊन त्यावर अख्खा अल्बम केला.

त्या वेळचं रेडिओवरचं गाणं तीन मिनिटांचं असायचं. प्रॉगने ती चौकट मोडली, आणि ती मोडता आली एलपीमुळे. १९४८ मध्ये अमेरिकेत आलेल्या या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं नीट मावतात. त्याहून जास्त भरायचं तर खाचा बारीक कराव्या लागतात, मग आवाज दबतो आणि खर्ज पातळ होतो. आपल्याकडेही तबकडीच्या लांबीने संगीताला आकार दिलेला आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ गतीच्या तबकड्यांवर तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा राहतो, आणि एलपी आल्यावर गवयांना थोडा निवांतपणा मिळाला. इंग्लंडमधल्या या पोरांना तोच निवांतपणा मिळाला आणि त्यांनी अख्खी बाजू हेच एक गाणं मानलं. येसच्या ‘क्लोज टू द एज’ या १९७२च्या अल्बममध्ये पहिली बाजू म्हणजे जवळपास एकोणीस मिनिटांची एकच रचना. त्याच वर्षीच्या जेनेसिसच्या ‘फॉक्सट्रॉट’वर ‘सपर्स रेडी’ ही तेवीस मिनिटांची. जेथ्रो टलने तर १९७२ मध्येच ‘थिक ॲज अ ब्रिक’ काढला. अख्खा अल्बम म्हणजे एकच गाणं, आणि मध्ये थांबायचं ते केवळ तबकडी उलटायला. त्याचं कव्हर एका काल्पनिक गावच्या वर्तमानपत्रासारखं छापलेलं, बारा पानी, आत खरोखर वाचायला बातम्या.

तालही साधे नव्हते. पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ बोटांवर मोजून पाहा: सात येतात. आपल्या रूपक तालाची बांधणी वेगळी आणि त्याची सम-खालीही वेगळी, पण सात मोजायची सवय असलेल्या कानाला ते गाणं परकं वाटत नाही. माझ्या मामांनी, जे तबला वाजवायचे, पहिल्यांदाच ऐकताना मांडीवर बरोबर सात धरले होते. गिटारचा मोठा तुकडा आला की गाणं चारच्या ठेक्यात शिरतं आणि अंग मोकळं झाल्यासारखं वाटतं. गाण्याच्या सुरुवातीला नाण्यांचा, कागद फाटल्याचा, गल्ल्याचा जो आवाज येतो, तोही सातात आहे. तेव्हा संगणक नव्हता. प्रत्येक आवाजाचा टेपचा तुकडा पट्टीने मोजून, सारख्या लांबीचा कापून, एकमेकांना चिकटवला आणि त्याची गोल माळ करून यंत्रावर फिरवली.

आणि मेलोट्रॉन. या वाद्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण मला ते आठवणीचंच यंत्र वाटतं. दिसायला पेटी-ऑर्गनसारखं. पण प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपची एक फीत असते आणि त्या फितीवर कुणीतरी खरोखर वाजवलेला तो एक सूर असतो: व्हायोलिनचा, बासरीचा, गायकवृंदाचा. पट्टी दाबली की फीत टेपरेकॉर्डरसारखी पुढे सरकते आणि तो सूर ऐकू येतो. साधारण आठ सेकंदांनी फीत संपते, मग बोट उचलावंच लागतं आणि स्प्रिंग फीत मागे खेचते. फिती एकाच वेगाने सरकत नाहीत, म्हणून आवाज किंचित लहरतो, पाण्याखालून आल्यासारखा. किंग क्रिमसनचा १९६९चा पहिला अल्बम, ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’, याच आवाजाने भरलेला आहे. पहिल्यांदा ऐकतानाही तो आवाज जुना वाटतो. वाटणारच, कारण त्यातला प्रत्येक सूर कुणीतरी पूर्वी कधी वाजवून ठेवलेला आहे.

घरी परतणारी गाणी

माझ्या मते आठवणीचं मूळ इथे आहे. वीस मिनिटांची रचना श्रोत्याच्या हातून सुटू नये म्हणून तिला काहीतरी दोरी लागते. ती दोरी म्हणजे सुरुवातीची धून. रचना ती धून सोडून दूर जाते, वाटेत चार ठिकाणी फिरते, अनोळखी मुलुखात हरवते, आणि शेवटी तीच धून परत येते. पण तशीच नाही, मोठी होऊन. ‘सपर्स रेडी’ एका घरातल्या शांत प्रसंगाने सुरू होते, मध्ये जगबुडीपर्यंत जाते आणि शेवटी पहिल्या धुनेचे सूर भरघोस होऊन परततात. ‘थिक ॲज अ ब्रिक’ सुरुवातीच्या भागात येऊन गेलेल्या ओळीवरच शेवटी थांबतं. ‘डार्क साइड’चे ठोके आपण पाहिलेच.

ख्याल ऐकणाऱ्याला हे नवीन नाही. मुखडा सोडून गायक लांब जातो तेव्हा आपण समेची वाट पाहतो, आणि सम आली की ‘वा!’ नकळत निघते. फरक एवढाच की आपल्याकडे परतणं दर आवर्तनाला होतं, आणि प्रॉगमध्ये एकदाच, वीस मिनिटांनी.

ही वाट पाहणं म्हणजे नेमकं काय, यावर २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलरी सलिमपूर आणि सहकाऱ्यांनी काम केलं. आवडत्या संगीताने अंगावर शहारा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन हे रसायन सुटतं, हे त्यांनी दाखवलं. त्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की शहारा येण्याच्या आधीच, नुसत्या अपेक्षेने, मेंदूच्या एका भागात ते सुटू लागतं, आणि प्रत्यक्ष शहाऱ्याच्या क्षणी दुसऱ्या भागात. म्हणजे येणारं माहीत असणं हाही आनंदच आहे. वीस मिनिटांचं गाणं ज्याला पाठ आहे, त्याला ही वाट पाहण्याची चैन वीस मिनिटं मिळते.

स्मरणरंजन की गतकातरता?

मराठीत नॉस्टॅल्जियाला दोन शब्द वापरतात. स्मरणरंजन म्हटलं की त्यात सुख येतं. गतकातरता म्हटलं की काळीज कापल्याची भावना. दोन्ही एकाच वेळी खरे आहेत, म्हणूनच एका शब्दावर एकमत होत नसावं. मूळ शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे आपल्या प्रबंधासाठी घडवला. ग्रीकमधला ‘घरी परतणं’ आणि ‘वेदना’ जोडून. तेव्हा तो एक आजार मानला गेला होता, घरापासून दूर गेलेल्या स्विस लोकांना जडणारा. आणि त्या आजाराचं संगीताशी नातं फार लवकर जोडलं गेलं. तत्त्वज्ञ रूसोने १७६८च्या आपल्या संगीतकोशात लिहून ठेवलं आहे की परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस सैनिकांच्या तळावर गुराख्यांची एक धून वाजवायला देहान्ताच्या शिक्षेची बंदी होती, कारण ती ऐकून सैनिक रडत, पळून जात किंवा झुरून मरत. रूसो पुढे म्हणतो की त्या धुनेत स्वतःचं असं काही सामर्थ्य नाही. ती आठवणीचं चिन्ह म्हणून काम करते. अडीचशे वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण आजही फारसं बदलावं लागत नाही.

आज मानसशास्त्र नॉस्टॅल्जियाला आजार मानत नाही. पण तरुणपणाच्या आठवणी जास्त ठळक असतात, हे वारंवार दिसलं आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले तर साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग प्रमाणाबाहेर जास्त येतात. आलेख काढला तर तिथे उंचवटा दिसतो. कारणं एकापेक्षा जास्त असावीत. त्या वयात पहिल्या गोष्टी फार घडतात: पहिलं वसतिगृह, पहिला पगार, घरापासून दूरची पहिली रात्र. आणि ‘मी कोण’ हेही तेव्हाच ठरत असतं, त्यामुळे त्या काळातलं जे जे, ते आपल्या ओळखीचा भाग होऊन बसतं. संगीताबाबत मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये अभ्यास केला. लोकांना सगळ्यात जास्त आवडलेली गाणी सरासरीने ते साडेतेवीस वर्षांचे असताना गाजलेली निघाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले पीटर जनाटा यांनी २००९ मध्ये दाखवलं की ओळखीचं गाणं एखादी स्वतःची आठवण जागी करतं तेव्हा कपाळामागचा, मेंदूच्या मधल्या रेषेजवळचा एक भाग सक्रिय होतो. स्वतःबद्दल विचार करतानाही तोच भाग कामाला लागतो.

मात्र आमच्या पिढीला होलब्रुक-शिंडलरांचा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. ‘डार्क साइड’ १ मार्च १९७३ रोजी अमेरिकेत बाहेर पडला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. माझ्या वसतिगृहात ज्या अल्बमांवर रात्री जागल्या, ते सगळे आम्ही बालवाडीत असताना निघालेले. इंग्लंडमध्ये १९७६-७७ला पंक हे नवं रॉक संगीत आलं आणि तिथल्या तरुणांनी प्रॉगला म्हाताऱ्यांचं संगीत ठरवलं. तो निवाडा आमच्यापर्यंत पोहोचलाच नाही. आमच्याकडे प्रॉग पोहोचलं ते उशिरा, कॅसेटवरून कॅसेटवर, कुणाच्या तरी परदेशातल्या काकांच्या बॅगेतून, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून जपून विकत घेतलेल्या एका अल्बमच्या पंधरा प्रतींमधून. (ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हा मुंबईबाहेरच्या माणसांनाही घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं.) म्हणून मला वाटतं, गाणं कधी निघालं यापेक्षा ते आपल्या कानावर कधी आणि कसं पडलं, हे महत्त्वाचं.

‘कसं’ हे तर फारच. महिन्याला एक कॅसेट मिळायची, तर तीच महिनाभर ऐकायची. पहिल्यांदा ‘क्लोज टू द एज’ ऐकला तेव्हा सुरुवातीच्या पाच मिनिटांचा मला काहीच अंदाज आला नाही. नुसता कल्लोळ. पण दुसरं काही ऐकायलाच नव्हतं. सातव्या-आठव्या वेळी तो कल्लोळ उलगडला, आणि तो उलगडल्याचा आनंद आजही त्या आवाजाला चिकटलेला आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच मांडलं होतं की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की नुसत्या ओळखीनेही ती आवडू लागते. प्रॉगमध्ये त्यात आणखी भर पडते. नुसती ओळख होत नाही, दर वेळी नवीन काहीतरी सापडतं. आजच्या मुलांना हे मिळत नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यांना आठव्या वेळेपर्यंत थांबण्यासाठी स्वतःहून ठरवावं लागतं. आमच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता.

आणि क्रम. कॅसेटवर मधलं गाणं उडी मारून गाठता येत नसे, पुढे-मागे करत बसावं लागे, म्हणून अल्बम सलगच ऐकला जायचा. जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये लोकांना त्यांच्याच लाडक्या सीडीवरच्या गाण्यांचे शेवट ऐकवले आणि नंतरची शांतता ऐकवली. त्या शांततेत, पुढचं गाणं सुरू होण्याआधीच, त्यांच्या मेंदूतला हालचाली आखणारा पुढचा भाग कामाला लागलेला दिसला. क्रम पाठ असला की मेंदू शांततेतच पुढचं वाजवायला घेतो. माझ्या कानातल्या अभंगाचं कोडं मला हे वाचून सुटलं. माझ्या मेंदूच्या लेखी तो अभंग हे त्या अल्बमचं शेवटचं गाणं आहे.

बॅरेट आला तो दिवस

या संगीतात आणखी एक गोष्ट आहे, जी सतराव्या वर्षी मला कळली नव्हती. त्यातले कित्येक अल्बम स्वतःच गतकातर आहेत. पिंक फ्लॉइडचा १९७५चा ‘विश यू वेअर हिअर’ हा सिड बॅरेटच्या आठवणीत बुडालेला आहे. बॅरेट हा बँडचा संस्थापक, पहिला गीतकार. त्याची मनःस्थिती ढासळत गेली आणि १९६८ मध्ये तो बँडमधून बाहेर पडला. सात वर्षांनी, ५ जून १९७५ रोजी, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत याच अल्बमचं काम चालू असताना एक जाडजूड, डोक्यावरचे केस आणि भुवयाही काढलेला माणूस आत येऊन उभा राहिला. बराच वेळ कुणी त्याला ओळखलं नाही. तो बॅरेट होता, एकोणतीस वर्षांचा. ज्याची उणीव गाण्यात भरून राहिली होती, तो समोर उभा होता आणि परत मात्र आलेला नव्हता.

त्या अल्बमचं मोठं गाणं नऊ भागांचं आहे आणि ते दोन तुकड्यांत विभागलेलं आहे. अर्ध्याने अल्बम उघडतो, अर्ध्याने मिटतो. पुन्हा तीच घरी परतण्याची रचना, फक्त या वेळी घरात माणूस नाही. सतराव्या वर्षी मला त्यातली गिटार आवडायची. आता बारावीतल्या त्या मित्राचा भाऊ हयात नाही, आणि सुरुवातीचे ते चार सूर आले की मला त्याच्या खोलीतला टर्नटेबल, त्यावर वाकलेली त्याची मान, सुई ठेवताना रोखलेला श्वास दिसतो. गाण्यात हे सगळं आधीपासून होतं. माझ्याकडे तेव्हा हरवण्यासारखं काही नव्हतं, एवढंच.

फेब्रुवारी २००७ मध्ये पिंक फ्लॉइडचा जुना गीतकार रॉजर वॉटर्स मुंबईत आला आणि त्याने ‘डार्क साइड’ सलग सादर केला. त्या मैदानात चाळिशीतली माणसं एकमेकांकडे न बघता डोळे पुसत होती. ठोक्यांनी शेवट झाला, दिवे लागले. माझ्या कानात पखवाज सुरू होता.

एक अभ्यास मी मुद्दाम मागे ठेवला होता. कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये विशीतल्या तरुणांना निरनिराळ्या दशकांतली गाणी ऐकवली. त्यांच्या स्वतःच्या काळातल्या गाण्यांबरोबरच, त्यांचे आईवडील तरुण असतानाच्या गाण्यांपाशीही आठवणींचा उंचवटा दिसला. घरात वाजत राहिलेलं संगीत मुलांमध्येही झिरपतं.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. ती कॅसेट तिने पाहिलेली नाही. ती जन्मायच्या आधीच टेप तुटून गेली होती. गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघं ताम्हिणी घाटातून येत होतो, गाडी ती चालवत होती. धुक्यामुळे वेग कमी, काचा वर केलेल्या, आणि तिनेच ‘डार्क साइड’ लावलेला. ठोके विरले. वायपरचा आवाज तेवढा उरला. मी काही म्हणायच्या आत ती समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता गुणगुणायला लागली, तोच अभंग, मधल्याच त्या चरणापासून.